मानधन नको, मजुरी द्या!



गेल्या हंगामात आम्ही चार-पाच कार्यकर्ते मुरूडच्या बाजूला एका गावात टेनिस क्रिकेटचे सामने बघायला गेलो होतो. रायगडच्या किनाऱ्यावर भातकापणी आटोपली की हे सामने सुरू होतात आणि पाऊस पडेपर्यंत चालतात. आता त्यात फ्लडलाइट आले, यूट्यूबवर लाइव्ह आलं, डीजे आला आणि चिअरगर्लही आल्या. सीमारेषेबाहेर लाकडी स्टेजवर सहा मुली, अंगावर आखूड चमकीचे कपडे. समुद्रावरून गार वारा सुटलेला. चौकार गेला की नाच, षटकार गेला की नाच, गडी बाद झाला तरी नाच. माइकवरचा माणूस मध्येमध्ये त्यांच्यावर विनोद करत होता आणि मैदान हसत होतं. हसणाऱ्यांत आपल्या वाडीतली पोरंही होती, हे लपवून काय उपयोग?

रात्री एकनंतर सामने संपले. विजेत्यांना रोख बक्षीस, मालिकावीराला मोटारसायकल. मुली मात्र मंडपामागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होत्या. सुपारी घेणारा माणूस ठरलेल्या पैशांतले निम्मेच देत होता. बाकीचे "पुढच्या कार्यक्रमाला बघू" म्हणत होता. आमच्यातल्या एकाने विचारलं, "ताई, पैसे मिळाले का पूर्ण?" ती म्हणाली, "दादा, परत जायला गाडी मिळाली तरी पुष्कळ झालं." आम्ही गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

काही महिन्यांनी आमच्यातल्या तरुणांनी नेटफ्लिक्सवर डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चिअरलीडरवरची मालिका बघायला लावली. पहिला भाग जून २०२४ मध्ये आला, दुसरा जून २०२५ मध्ये. वरवर बघितलं तर झगमगाट आहे. थोडं नीट बघितलं तर तो कामगारांचा माहितीपट आहे. या मुलींना दर वर्षी नव्याने निवड चाचणी द्यावी लागते, आदल्या वर्षीची जागाही पक्की नसते. वजन, केस, हसू, चालणं, सगळ्यावर नजर. उडी मारून पाय पसरून थेट जमिनीवर उतरण्याची त्यांची एक खास कसरत आहे, तिच्यापायी कंबर आणि खुब्यांची कायमची दुखणी. एका मुलीने मैदानावर नको तो स्पर्श झाल्याची तक्रार पोलिसांत केल्याचंही त्यात दिसतं. आणि एवढं करून पगार इतका होता, की बहुतेकींना दिवसा दुसरी नोकरी करावीच लागत होती.

संघ मात्र दहा अब्ज डॉलरपेक्षा जास्त किमतीचा! जगातल्या सर्वांत महागड्या क्रीडासंघांत त्याचा नंबर पहिला लागतो. याच संघातल्या एका माजी चिअरलीडरने २०१८ मध्ये खटला भरला. आपल्याला तासाला ८ डॉलर मिळतात आणि संघाचा सोंगाचा पोशाख घालून नाचणाऱ्या पुरुषाला वर्षाला सुमारे ६५ हजार डॉलर, असं तिचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि दर थोडे वाढले. त्याआधी २०१४ मध्ये ओकलंडच्या संघातल्या मुली कोर्टात गेल्या, साडेबारा लाख डॉलरची तडजोड झाली आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला की चिअरलीडर या संघाच्या कर्मचारीच आहेत.

मालिकेत मालकाची मुलगी, जी संघाचा कारभार बघते, ती काय सांगते? या मुलींना पैसे फार मिळत नाहीत हे खरं, पण त्या इथे पैशासाठी येतच नाहीत, पैशापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी येतात!

मित्रांनो, हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? आम्हाला तर ते पिढ्यान्पिढ्यांपासून पाठ आहे.

महारकी करणाऱ्या आपल्या आजा-पणजाला गावाने हेच सांगितलं. वेशीवरचा मान तुझा, जत्रेतला मान तुझा, होळीचा मान तुझा. वतन म्हणजे मान. त्या मानाच्या बदल्यात चोवीस तास राबायचं, सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. हक्काची मजुरी कुठे होती? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यात त्यांनी दोन दारं उघडायला सांगितली होती. ज्याला हे काम सोडायचं आहे त्याला वतनाच्या बंधनातून सुटता यावं. आणि जो काम करत राहील त्याला बलुत्याच्या भिकेऐवजी रोख, ठरलेला मोबदला मिळावा. सुटका आणि मजुरी, दोन्ही एकाच विधेयकात. पुढच्या सगळ्या वादात हे विधेयक लक्षात ठेवा.

आजच्या महाराष्ट्रात 'मानधन' हा शब्द त्याच वतनाचा नवा अवतार आहे. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन. आशाताईला पगार नाही, मानधन. कलावंताला मानधन. शब्दात मान आधी आणि धन नंतर. हातात मात्र मान भरपूर पडतो आणि धन जेमतेम. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. तमाशा चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्यात कौतुक कसलं? बाळंतिणीला सुट्टी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. आता त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं.

एकीकडे मान देऊन मजुरी बुडवतात. दुसरीकडे लाज देऊन बुडवतात. ही दुसरी पद्धत आपल्या रायगडात जास्त चालते.

३० मार्च २००५ रोजी विधानसभेत गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंदीची घोषणा केली. त्यामागची लक्षवेधी सूचना पनवेलच्या शेकाप आमदारांची होती आणि विषय रायगड जिल्ह्यातल्या डान्सबारचा होता. कायदा आला. त्यात साध्या परमिट रूममधला नाच गुन्हा ठरला, पण तारांकित हॉटेलं आणि जिमखान्यांना सूट! म्हणजे नाच अश्लील नव्हता, बघणाऱ्याचा खिसा हलका असला की तो अश्लील होत होता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम ठेवला आणि बंदीमुळे अनेक बायकांना नाइलाजाने देहविक्रीकडे वळावं लागल्याचंही नोंदवलं. एसएनडीटी विद्यापीठाने ५०० बारबालांची पाहणी केली होती, ती या खटल्यात पुढे आली. त्यातल्या कित्येकजणी पिढीजात नाचगाण्याच्या जातींतून आलेल्या होत्या. २०१९ च्या निकालात न्यायालयाने सरकारच्या बऱ्याच जाचक अटी उडवल्या, पण लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात, ही बाब योग्य मानली. या दोन ओळींवर महाराष्ट्रात किती चर्चा झाली? टीव्हीवर चर्चा झाली ती नोटा उधळण्याची.

वीस वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, पनवेलला शेकापच्याच वर्धापनदिनाच्या मंचावरून राज ठाकरे यांनी महाराजांच्या राजधानीच्या जिल्ह्यात डान्सबार कसे, असा सवाल केला. त्याच रात्री मनसेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलजवळचा एक बार फोडला. काचा फुटल्या, व्हिडिओ फिरले. तिथे काम करणाऱ्या बायकांचा त्या महिन्याचा हिशेब कोणी दिला, हे कोणी विचारलं का?

आता क्रिकेटकडे या. २००८ मध्ये आयपीएल सुरू झालं आणि बंगळूरच्या संघाने अमेरिकेतल्या फुटबॉल संघाच्या चिअरलीडर आणल्या. तेव्हाही महाराष्ट्रात गृहराज्यमंत्र्यांपासून अनेकांना अश्लीलता आठवली. पण त्यात कोट्यवधींचा धंदा होता, म्हणून तो नाच चालू राहिला. त्याच वर्षी ब्रिटनहून आलेल्या दोन कृष्णवर्णीय मुलींनी आरोप केला की मोहालीत त्यांना कातडीच्या रंगामुळे मैदानात उतरू दिलं नाही. २०११ मध्ये मुंबईच्या संघातल्या एका दक्षिण आफ्रिकी चिअरलीडरने टोपणनावाने ब्लॉग लिहून पार्ट्यांमधल्या खेळाडूंच्या वागण्याबद्दल सांगितलं. तिलाच घरी पाठवलं. खेळाडू खेळत राहिले. रंग आणि बाईपण यांची ही उतरंड आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

इथे आमचेच काही साथी आम्हाला अडवतील. ते म्हणतील, बाबासाहेबांनी तर हे सोडायला सांगितलं होतं. बरोबर आहे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे लाजिरवाणं जिणं सोडा. महाडच्या परिषदेत बायकांना लुगडं नेसण्याची रीत बदलायला सांगितली, जातीची खूण अंगावरून उतरवायला सांगितली. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेले पैसे त्यांनी नाकारले, कारण ते आपल्या बायकांना नाचवून मिळवलेले होते, ही गोष्ट आपल्या समाजात आजही सांगितली जाते. आम्ही यातला एक शब्दही मागे घेत नाही. जातीने लादलेला नाच ही कला नाही आणि 'तिची निवड' म्हणून त्याचं गोडवं गाणाऱ्यांशी आमचं भांडण आहेच. निवड करायला आधी दुसरा पर्याय हातात असावा लागतो.

पण आमच्या साथींना आम्ही विचारतो, सोडा म्हणणारे बाबासाहेब आणि १९२८ चं विधेयक मांडणारे बाबासाहेब वेगळे आहेत का? त्याच १९२८ मध्ये त्यांनी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्यासाठी कायदे मंडळात भाषण केलं. १९४२ नंतर मजूरमंत्री म्हणून खाणीतल्या बायकांसाठी कायदे सुधारले. कामाची जागा वाईट आहे म्हणून तिथल्या बाईला त्यांनी कायद्याबाहेर ठेवलं नाही. आज आपण 'सोडा' एवढंच उचलतो आणि मजुरीची ओळ गाळतो. मग आपल्यात आणि काचा फोडणाऱ्यांत फरक तो काय राहिला?

आणि संप काय असतो हे रायगडच्या माणसाला अमेरिकेकडून शिकायचं नाही. डॅलसच्या मुलींनी एकमेकींशी बोलून काम थांबवायची तयारी केली, तेव्हा कुठे ४०० टक्के वाढ झाली. अजून त्यांची युनियनसुद्धा नाही, तरी एकजुटीने एवढं घडलं. इथे अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोताची शेती केली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते. बायकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून घर चालवलं, पण नांगर धरू दिला नाही. खोतही तेव्हा म्हणत होता, पिढ्यान्पिढ्यांचं नातं आहे, हिशेब कसला मागता?

म्हणून रायगडच्या आंबेडकरी तरुणांसमोर आम्ही काही कामं ठेवतो.

एक, ज्या क्रीडा मंडळात आपली पोरं आहेत तिथे आधी प्रश्न विचारा की नाचणाऱ्या मुली हव्यात कशाला? खेळाला त्यांची गरज नाही. आणि आणल्याच, तर सुपारी कोणाला दिली, लेखी करार आहे का, पैसे थेट मुलींच्या खात्यात जाणार का, कपडे बदलायला बंद खोली आणि रात्री परतायला गाडी आहे का, हे विचारा.

दोन, माइकवरून अचकट-विचकट बोलणाऱ्याचा माइक तिथल्या तिथे बंद करा.

तीन, २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. मालक म्हणून कोणी मोठी कंपनी नसली, असंघटित काम असलं, तरी तिथे तक्रार करता येते. ही माहिती अलिबागच्या कार्यालयातल्या फायलीतून किनाऱ्यावरच्या स्टेजमागे पोचवणं हे आपलं काम.

चार, ज्या मुलीला हे काम सोडायचं आहे तिच्यासाठी शिक्षण, वसतिगृह आणि रोजगाराची दारं ठोठावायला सोबत जा. नुसतं 'सोड' म्हणून निघून येऊ नका.

पाच, हे आपल्या जयंतीलाही लागू आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणाऱ्या ताईला आपण शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह देतो. तिचे ठरलेले पैसे त्याच रात्री देतो का? की आपलंही 'पुढच्या वर्षी बघू' असतं?

त्या रात्री मंडपामागे आम्ही गप्प बसलो. सामने पुन्हा सुरू होतील, स्टेजही पुन्हा लागेल. या वेळी आम्ही आधी हिशेब विचारणार आहोत आणि बक्षीस समारंभ त्यानंतर होईल, असं मंडळाला सांगणार आहोत. तुम्हीही तुमच्या गावात सांगा.

जय भीम, जय भारत!