मोर्तब आणि प्रश्नचिन्ह

अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा, शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला. दगडात कोरलेल्या ओळीत मागाहून शब्द घुसवणं कठीण. पण सगळा कारभार दगडावर होत नाही. शिलाहारांची दानपत्रं तांब्याच्या पत्र्यांवर असत. ते पत्रे कडीत ओवून कडीवर मुद्रा ठोकत, म्हणजे मधेच एखादा पत्रा सरकवायला वाव नाही. कागदाला हा धोका जास्त. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर राजमुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मर्यादेची मुद्रा. पेशवाईत त्याच जागी ‘लेखनसीमा’. ‘शिक्कामोर्तब’ आपण आता नुसतं पक्कं झालं एवढ्यापुरतं म्हणतो. त्यातल्या मोर्तबाला, म्हणजे या शेवटच्या मुद्रेला, खरी काळजी होती ती खालच्या कोऱ्या जागेची. पावतीवर ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ लिहून पुढे रेघ ओढणाऱ्या दुकानदाराला आजही तीच असते.

संगणकात ही जागा उघडी राहिली. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 साली मांडलेल्या डेटाबेसच्या भाषेची पुढे एसक्यूएल झाली. तिच्यात हुकूम आणि त्यात भरायचा मजकूर एकाच ओळीत बसू शकतो. डिसेंबर 1998 मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी ‘फ्रॅक’ या हॅकर नियतकालिकात लिहिलं की त्या मजकुरातूनच नवा हुकूम आत सोडता येतो. पुढच्याच वर्षी आलेल्या पायथन भाषेच्या पेप 249 या डेटाबेस-मानकात एक्झिक्यूटला हुकूम आणि मूल्यं वेगवेगळी द्यायची सोय आहे. तरी पंचवीस वर्षांनंतरही लोक दोन्ही कालवतातच.

अंबरनाथ पूर्वेच्याच एका क्लासात मी हे पाहिलं. एका मुलानं पायथनच्या एफ-स्ट्रिंगमध्ये हुकुमासोबतच नावं ओतली होती. पाटील गेले, म्हात्रे गेले. डिसोझाबाई आल्या आणि प्रोग्राम आडवा पडला. इंग्रजी आडनावातल्या डीपुढच्या अपॉस्ट्रॉफीनं अवतरण तिथेच मिटवलं होतं. पोरगा म्हणाला, “सर, नावात हे चिन्ह चालणार नाही अशी सूचना टाकू का?” म्हणजे चूक आपली आणि आडनाव बदलायचं बाईंनी!

ओळीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायला सांगितलं, अवतरण न घालता. मोर्तब फक्त शेवट राखतं. इथे एसक्यूलाइट हा डेटाबेस हुकूम आधीच वाचून घेतो, नाव मागून येतं, आणि त्यात काहीही असलं तरी ते नावच राहतं. मग ‘सुनील’ हे नाव अडलं. इंग्रजीत पाच अक्षरं, आणि तक्रार अशी की मूल्य एक हवं, दिलीत पाच. कंसात एकटं नाव असलं तरी त्यामागे स्वल्पविराम लागतो. नाहीतर पायथन अक्षरं मोजत बसतं. पोस्टग्रेस डेटाबेसच्या सायकोपीजी-२ मध्ये प्रश्नचिन्हाऐवजी टक्का-एस येतो, आकड्यालाही तोच, आणि हुकुमानंतर स्वल्पविराम द्यायचा, पायथनचं टक्क्याचं चिन्ह नाही.

डिसोझाबाईंचं आडनाव अपॉस्ट्रॉफीसकट नोंदलं गेलं. हुशारीत येऊन पोरानं टेबलाचं नावही प्रश्नचिन्हातून पाठवून पाहिलं. ते चाललं नाही, चालणारही नव्हतं. टेबल हुकुमाचाच भाग. शेवटी चार टेबलांची नावं प्रोग्रामात लिहून ठेवली आणि त्यांतलंच एक निवडायचं असं ठरलं.