मृत्यूच्या पानावर जन्माचा माग

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली कोतवाल बुके पुन्हा उघडली. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, ही गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. सध्या तिच्यात बहुतेकांची नजर जातीच्या रकान्यावर खिळलेली असते. पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याच्या खऱ्या कामाची आहेत ती मृत्यूची पाने. पणजोबांचा जन्म कधी झाला हे कळायला आधी त्यांचा मृत्यू शोधावा, हे ऐकायला उफराटे वाटते. पण त्याला कारण आहे. जन्माच्या वेळी बाळाचे बारसे झालेले नसते. त्यामुळे जुन्या जन्मनोंदीत अनेकदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते. चार भावंडे असतील तर त्यातले आपले पणजोबा कोणते, हे त्या ओळीवरून ठरत नाही. मृत्यूच्या नोंदीत मात्र माणूस स्वतःच्या नावाने येतो, सोबत तारीख, वय आणि ‘ताप’ किंवा ‘पटकी’ असे कारणही येते.

यावर रास्त आक्षेप असा की, ते वय सांगतो कोण? मेलेला माणूस नव्हे. सांगणारा मुलगा, पुतण्या किंवा शेजारी. त्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा जन्म पाहिलेला नसतो. शिवाय वय शून्यावर किंवा पाचावर आणून सांगण्याची सवय आपल्या जनगणनांतही ठळक दिसते. आक्षेप खरा आहे, म्हणूनच नोंदीतल्या प्रत्येक गोष्टीला सारखे वजन देऊ नये. मृत्यूची तारीख ताज्या घटनेची असते, वय ऐकीव असते. समजा, १९३१च्या नोंदीत वय ‘६०’ आहे. म्हणून वंशावळीत जन्मसाल १८७१ लिहून मोकळे होणे चूक; १८६० ते १८८० अशी पट्टी धरून त्या काळातल्या जन्मनोंदी, थोरल्या मुलाचे जन्मसाल आणि फेरफारातली वारसनोंद ताडून पाहणे योग्य. तान्ह्या मुलाचे वय ‘३ महिने’ लिहिले असेल, तर मात्र पट्टी काही आठवड्यांची उरते. शाळेचा दाखला अधिक पक्का मानणाऱ्यांनी गुरुजींनी सरसकट घातलेली १ जून ही तारीख आठवावी. कागद सरकारी आहे एवढ्याने त्यातली माहिती पक्की ठरत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट अधिक बिकट आहे. विवाहितेची मृत्युनोंद सासरच्या गावी, नवऱ्याच्या नावाने होते. जन्म मात्र माहेरच्या वहीत, तोही बहुधा बिननावाचा. माहेर कोणते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवले नाही, तर दोन वह्या जुळायच्या नाहीत.

म्हणून ही बुके छायांकित करताना फक्त ‘कुणबी’ शब्द असलेली पाने वेचणे अपुरे आहे. सगळी पाने छायांकित व्हावीत, मोडी लिपी जाणणाऱ्यांकडून मृत्युनोंदींची गाववार, नाववार सूची व्हावी. जात आणि मृत्यूचे कारण उघडे पडेल ही भीती अनाठायी नाही; त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्याच नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात आणि अलीकडच्या फक्त वारसांना द्याव्यात. सरकारी खर्चाने वही एकदा उघडलीच आहे, तर उरलेली पाने वाळवीसाठी सोडण्यात कसला शहाणपणा?