झाकल्या मुठीचे पाप

दिघीच्या रस्त्याने सकाळी जाणाऱ्याला एक दृश्य नेहमी दिसते. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात कामावर निघालेला बाप आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला मैदानाच्या कडेला सोडतो, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या शिक्षकाकडे पाहून मान डोलावतो आणि निश्चिंत मनाने पुढे जातो. त्या मान डोलावण्यात एक करार असतो. त्याला मुद्रांक लागत नाही आणि साक्षीदारही लागत नाही; पण समाजातील सर्वांत मौल्यवान ठेव त्या करारान्वये एका हातातून दुसऱ्या हाती जाते. ही ठेव ज्याच्या हाती दिली त्यानेच ती भ्रष्ट केली तर काय, आणि ते पाहणाऱ्या संस्थेने डोळे मिटून घेतले तर काय, हा प्रश्न अप्रिय आहे. तथापि अप्रिय म्हणून तो टाळता येत नाही. किंबहुना तो आजवर टाळला गेला, म्हणूनच तो आज विचारावा लागत आहे.

फुटबॉलचे माहेरघर म्हणवणाऱ्या इंग्लंडला या प्रश्नाने हादरा दिला तो २०१६ च्या नोव्हेंबरात. अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने, बालपणी आपल्या प्रशिक्षकाने आपल्यावर केलेल्या अत्याचारांची हकीकत स्वतःचे नाव लपवू न देता सांगितली. एकाने तोंड उघडताच शेकडोंनी उघडले. तो प्रशिक्षक, बॅरी बेनेल, याला २०१८ साली तीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे मार्च २०२१ मध्ये क्लाइव्ह शेल्डन यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. १९७० ते २००५ या काळातील किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित त्यात मोजले गेले. या आकड्यांहून विदारक अशी एक गोष्ट त्या अहवालाने दाखवून दिली. अनेक ठिकाणी कुजबूज होती, काही ठिकाणी तक्रारही होती, पण कारवाई झाली नाही. १९९५ पासून धोका स्पष्ट दिसत असतानाही तेथील फुटबॉल संघटनेने मुलांच्या संरक्षणाची पुरेशी व्यवस्था लावण्यास २००० साल उजाडू दिले. एका धनाढ्य क्लबने तर पूर्वीच्या एका खेळाडूला २०१५ साली पन्नास हजार पौंड देऊन वाच्यता न करण्याची अट घातली होती. पुढे त्याच क्लबला माफी मागावी लागली.

हे सारे विलायतेत घडले, आपल्याकडे असले काही नाही, असे म्हणून समाधान मानणाऱ्यांना आम्ही आपल्याच अंगणाकडे पाहण्याची विनंती करतो. गोव्यात अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणारा फ्रेडी पीट्स परोपकारी गृहस्थ म्हणून मिरवत होता. १९९१ साली त्याला अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेप. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवारागृहातील मुलांवरील अत्याचारांची तक्रार २००१ साली पुढे आली. आरोपींना २००६ साली शिक्षा झाली, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. न्याय मिळाला खरा, पण तोवर मुलांचे बालपण संपले होते. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या भारतीय फुटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकाला युरोपच्या दौऱ्यावरून परत बोलावून गैरवर्तनाच्या कारणास्तव बडतर्फ करावे लागले. आणि दिघीहून जो रस्ता आळंदीला जातो, ज्या रस्त्याने माउलींची पालखी दरवर्षी पुण्याकडे निघते, त्याच रस्त्याच्या टोकाशी एका खाजगी निवासी संस्थेच्या चालकाला अल्पवयीन मुलांवरील अत्याचाराच्या आरोपावरून २०२४ च्या जानेवारीत अटक झाली. त्यानंतर तेथील अनधिकृत निवासी संस्थांचा प्रश्न राज्य महिला आयोगापर्यंत गेला. संप्रदायाच्या पवित्र परंपरेला याने बाध येत नाही; बाध येतो तो परंपरेच्या नावामागे दडणाऱ्यांना पाठीशी घातल्याने.

मुलगा बोलत का नाही, असे विचारणारे त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहत नाहीत. शिक्षकाच्या शब्दावर त्याची संघातील निवड अवलंबून असते. ‘पुरुषासारखा राहा’ हे त्याला जन्मापासून ऐकवले गेलेले असते. असे काही मुलींनाच होते, हा घरादाराचा समज असतो. तो समज किती खोटा आहे हे केंद्र सरकारच्या २००७ सालच्या पाहणीने दाखवून दिले. तेरा राज्यांतील मुलांच्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाची कबुली दिली, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते. मूल गप्प बसते ते भयाने. त्याला क्षमा आहे. संस्था गप्प बसते ती हिशेबाने. पटावरील संख्या, देणगीदार, अनुदान, वर्धापनदिनाचे पाहुणे यांचा तो हिशेब असतो. मग प्रशिक्षकाचा राजीनामा निमूटपणे घेतला जातो, वर शिफारसपत्रही दिले जाते, आणि तो शेजारच्या गावात नवी शिट्टी घेऊन उभा राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारात शहाणपणाची असेल. पण त्या मुठीत मुलाचा गळा असेल तर?

कायदा या बाबतीत मुका नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात असलेला बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा उभा केला. मौन ही खाजगी बाब नव्हे, हाच त्याचा अर्थ.

दिघीतील कोणा संस्थेकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. बहुसंख्य शिक्षक निष्ठेने घाम गाळतात हे आम्ही जाणतो, आणि त्यांच्या अब्रूसाठीही पुढील गोष्टी अवश्य आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपली मैदाने देताना प्रत्येक प्रशिक्षकाच्या पूर्वचारित्र्याची पोलिसांकडून खातरजमा करून घेण्याची अट घालावी. बाहेरगावच्या सामन्यांना मुलांच्या खोलीत एकटा प्रौढ राहणार नाही, असा नियम करावा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक मैदानाच्या भिंतीवर ठळक रंगवावा. तक्रार ऐकणारी व्यक्ती संस्थेच्या चालकांच्या आप्तांपैकी नसावी. यांतील एकाही गोष्टीला कोट्यवधींचा खर्च लागत नाही. लागतो तो निर्धार.

शेवटचा शब्द आज प्रौढ झालेल्यांसाठी. वर्षांपूर्वी भोगलेले कोणाला सांगितले नाही म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. मूल असताना झालेल्या अत्याचाराची तक्रार या कायद्याखाली मोठेपणीही करता येते, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. आणि आईबापांनो, मुलगा एके दिवशी अचानक मैदानावर जाण्यास नकार देऊ लागला तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी जवळ बसवून घ्या. म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. येथे तर दुःखही आहे, आणि काळही सोकावत चालला आहे.