आधी घड्याळ, मग भाव

बालमित्रांनो, सावंतवाडीच्या ४०० लाकडी खेळण्यांचे फोटो काढायचं काम मामाकडे आलं. "नगाला ३० रुपये, पाच दिवसांत देतो!" असं तो कबूल करणार, तोच मामी म्हणाली, "अहो, आधी दहा काढून तर बघा!"

घड्याळ लावलं. लाखेच्या चकाकीत दिवाच दिसायचा. मध्ये पांढरं कापड धरावं लागे. नगाला ६ मिनिटं गेली, नंतर फोटो नीटनेटका करायला आणखी ६. करा गुणाकार! ४,८०० मिनिटं, म्हणजे ८० तास. रोज ८ तास धरले तरी १० दिवस! १२,००० रुपयांतून दिव्यांचं भाडं नि मदतनिसाची मजुरी वजा जाता उरणार काय?

मामाने नगाला ५० सांगितले, मुदत १२ दिवसांची मागितली. काम मिळालं!

तुम्हीही वर्गाची १०० भेटकार्डं अंगावर घेण्याआधी दहा करून पाहा, बरं का!