टाळेबंदींतील विद्यार्थी आणि आपलें माणूस

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि वसतिगृहें ओस पडलीं. धाराशिव (तेव्हांचें सरकारी नांव उस्मानाबाद) जिल्ह्यांतील जीं मुलें पुण्यास वा औरंगाबादेस शिकावयास गेलीं होतीं, त्यांपैकीं बहुतेक परंडा, कळंब, उमरगा अशा आपापल्या गांवीं परतलीं. आईबापांस वाटलें, लेकरूं घरीं आलें, चिंता मिटली. पण वीस वर्षांचा मुलगा घरीं परततो तो दहा वर्षांचा होऊन येत नाहीं, हें वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला. शेवटच्या वर्षाच्या मुलांस तर परीक्षा होणार कीं नाहीं हेंच पांच महिने उमगेना. २८ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं असें ठरविलें, तेव्हां कोठें तो घोळ मिटला.

अशा वेळीं मन कशाच्या बळावर तग धरतें? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनीं हवाईमधील कवाई बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकें मागोवा घेतला. दारिद्र्य, गृहकलह, आजार यांनीं ग्रासलेल्या मुलांपैकींहि सुमारें एक तृतीयांश मुलें पुढें कर्तबगार निघालीं. आणि त्यांच्या बाबतींत पुन्हां पुन्हां आढळलें तें हें, कीं त्यांस निदान एका माणसाचा भरंवसा होता. तें माणूस आईबापच असावें असें नव्हे. आजी, मावशी, शिक्षक, कोणीहि चाले. एकत्र कुटुंबाची महती गाणाऱ्यांनीं येथें जरा थांबावें. घरांत दहा माणसें असलीं म्हणजे त्यांतलें एक आपलें असतेंच असें नाहीं.

मुलींचें तर विचारूंच नये. व्याख्यान ऐकतां ऐकतां पोळ्या लाटणें हें कर्तव्य, आणि मैत्रिणीशीं अर्धा तास बोलणें हा मात्र उनाडपणा!

या जिल्ह्यास आपत्ति नवी नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें सास्तूर परिसरांतील गांवें जमीनदोस्त केलीं, तेव्हां उरलेलीं माणसें एकमेकांच्या गळ्यांत पडून रडलीं तरी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत ज्या विद्यार्थ्यांचे वडील गेले, त्यांपैकीं कित्येकांस खांदाहि देतां आला नाहीं. त्या रात्रीं दूर गांवींच्या मित्राचा फोन कानाशीं धरून तीं मुलें बसून राहत, पुष्कळदां कोणीच कांहीं न बोलतां, आणि आंतल्या खोलींतून आवाज येई, “एवढा वेळ कोणाशीं बोलतो आहेस रे?”