झऱ्यावरची आमची रांग

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांची सहल घेऊन आम्ही वसईहून मोखाड्याकडे निघालो होतो. जव्हार मागे पडल्यावर एका वळणाला काळ्या कातळाच्या भेगेतून करंगळीएवढी धार रस्त्याकडेला पडते. कोणा गावकऱ्याने त्या भेगेत नळीचा तुकडा खोचून ठेवला आहे. बस थांबली, 'फुकटचे मिनरल वॉटर' अशी आरोळी उठली आणि बसच्या पोटातून वीस-वीस लिटरचे रिकामे कॅन बाहेर निघाले. रिकामे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. म्हणजे ते घरूनच या कामासाठी आणले होते. एक कॅन भरायला घड्याळी पाच मिनिटे लागत होती. कॅन चौदा होते. रस्त्यापलीकडे करवंदीच्या जाळीच्या तुटपुंज्या सावलीत अकरा स्त्रिया चुंबळी हातात घेऊन, हंडे पुढ्यात ठेवून बसल्या होत्या. आमच्यातील एका भगिनीने त्यांना 'तुम्हाला आधी भरायचे आहे का?' असे विचारले. त्यांतील वयस्क बाई 'तुमचं होऊ द्या' एवढेच म्हणाली, आणि आमच्या मंडळींनी ते शब्दशः घेतले. आम्हीही घेतले. त्या धारेखाली तिसरी भरली गेली ती आमची बाटली. ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

पुढच्या प्रभुवारी प्रवचनात आम्ही हा विषय काढला. मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर आम्हाला जी उत्तरे मिळाली, त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिले उत्तर असे, की पाणी देवाचे आहे, म्हणून ते सर्वांचे आहे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी महाडच्या चवदार तळ्यावर उतरले आणि त्यांनी पाणी प्राशन केले, तेव्हा पाणी सर्वांचे आहे हेच त्यांनी कृतीने सांगितले. पाण्यापासून हाकलल्या गेलेल्यांचे ते म्हणणे होते. ज्याच्या मोरीत नळ आहे आणि माळ्यावर टाकी आहे, त्याने तेच वाक्य हंडा घेऊन ताटकळणाऱ्या बाईला ऐकवावे, हे त्या वाक्याचे विडंबन आहे.

दुसरे उत्तर अधिक हुशारीचे. 'फादर, झरा तर अहोरात्र वाहतो. आम्ही नाही भरले तर ते पाणी रस्त्यावरच जाणार!' हे आम्ही मान्य करतो. आमच्या चौदा कॅनांनी झरा आटला नाही. परंतु आम्ही सत्तर मिनिटे वापरली, आणि ती त्या स्त्रियांची होती. अकरा जणींनी दोन-दोन हंडे भरायचे म्हटले तरी शेवटच्या बाईची पाळी यायला सूर्य डोक्यावर येतो. मग चढण, मग चूल, मग कोणाच्या तरी शेतावरची मजुरी. शिवाय मे महिन्यातील धार म्हणजे मागच्या पावसाची शिल्लक. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांनी रचलेला आहे. भेगाळ आणि सच्छिद्र थरातून पाणी खाली मुरते, घट्ट थर लागला की आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत तो थर जिथे उघडा पडतो तिथे बाहेर येते. या तालुक्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी उतारावर तो थांबत नाही आणि उन्हाळ्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सिक्कीम सरकारने २००८ पासून 'धारा विकास' योजनेखाली झऱ्यांच्या वरच्या उतारांवर चर खणून पाणी मुरवायला सुरुवात केली. ज्यांना झऱ्यांचे एवढे प्रेम आहे त्यांनी कॅनऐवजी कुदळ घेऊन डोंगराच्या माथ्यावर जावे. तिथे रांग नसते.

तिसरे उत्तर शुद्धतेचे. झऱ्याचे पाणी म्हणजे औषध, असे आमच्या एका सद्गृहस्थांचे ठाम मत आहे. वरच्या उतारावर गुरे चरतात, माणसे परसाकडे जातात आणि पहिल्या पावसात ते सारे खाली उतरते, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही. गावोगाव पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाण्यात मैल्याचा अंश असला की दिवस-दोन दिवसांत ते काळे पडते. सद्गृहस्थांनी आपला कॅन एकदा तपासावा. त्या स्त्रियांना मात्र दुसरे पाणी निवडण्याची सोय नाही.

आता जरा घराकडे वळू. नव्वदच्या दशकात, आम्ही सेमिनरीत असताना, आमचे वाडवडील हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. टँकरवाले आपल्या विहिरी उपसून पाणी शहराला विकतात, बागा सुकतात, विहिरी खाऱ्या होतात, ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. त्यानंतर आपण काय केले? आपलीच बावखले भराव घालून बुजवली. आज वसई-विरारच्या नळांना येणारे पाणी बहुतांशी सूर्या नदीवरील धामणी धरणाचे, म्हणजे त्याच डोंगराळ मुलखातले आहे. मुंबईसाठी २०१४ साली पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणीही मोखाड्याच्या कुशीतलेच. नळाने त्यांच्या नद्या आपल्या घरी आल्या, आणि सहलीला जाऊन आपण त्यांची करंगळीएवढी धारही कॅनमध्ये भरून आणतो! टँकरवाल्याला आपण जे म्हणत होतो, ते त्या वयस्क बाईने आपल्याला म्हटले असते तर आपल्यापाशी काय उत्तर होते?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील याकोबाच्या विहिरीची कथा आमच्या कुटुंबांना तोंडपाठ आहे. भर दुपारी थकलेले येशू तिथे बसले होते. जवळ पोहरा नव्हता. त्यांनी पाणी मागितले, तेही हंडा घेऊन आलेल्या परक्या स्त्रीकडे. तहान लागली तर मागून प्यावे, यात कमीपणा नाही. त्या अकरा जणींपैकी कोणीही आमच्या प्रत्येक लेकराला ओंजळभर पाणी दिले असते. आम्ही मागितले नाही. आमच्यापाशी चौदा भांडी होती.

येत्या मे महिन्यात सहल पुन्हा त्याच वाटेने जाणार आहे. प्यायचे पाणी वसईतूनच पिंपात भरून नेले जाईल आणि त्या वळणावर बस थांबणार नाही. रिकामा कॅन घेऊन कोणालाही बसमध्ये चढता येणार नाही. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी आपले नाव यादीतून काढून घ्यावे आणि भरलेले पैसे आमच्या कचेरीतून परत न्यावेत.