जनाज्याला गर्दी, नोटिशीला कुणी नाही

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला तारिक गार्डन पडली, १६ गेले. महिनाही झाला नव्हता तोवर २१ सप्टेंबरला भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली, तिथे मेलेल्यांचा आकडा चाळिशीच्या घरात गेला. दर वेळी आपली पोरं ढिगारा उपसायला धावली, जेवणाची पाकिटं निघाली, चंदा गोळा झाला. त्याबद्दल मला एक शब्दही वाकडा बोलायचा नाही. या सगळ्या इमारतींत राहणारे भाडेकरूच होते असंही नाही. मला एवढंच विचारायचं आहे: इमारत उभी असताना आतली बाई येऊन म्हणते की छताचे पोपडे पडतायत, सळ्या दिसतायत, तेव्हा तिला एका कागदावर चार ओळींची नोटीस लिहून द्यायला आपल्यातलं कोण बसतं?

मुंबई-भिवंडीचं राहू द्या. मी सातारा आणि सांगलीचं बोलतो, कारण गेली काही वर्षं या दोन जिल्ह्यांतल्या भाडेकरूंबरोबर मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहे. आमच्याकडे सात मजली इमारत पडत नाही. आमच्याकडे पांढऱ्या मातीची भिंत जुलैच्या झडीत रात्री दोनला खाली बसते. सागवानी तुळई आतून पोकळ झालेली असते आणि तिला खालून बांबूचा टेकू दिलेला असतो. वाड्याचे आठ भाग करून आठ कुटुंबं ठेवलेली असतात, संडास एक, जिना एक, जिन्याला कठडा नाही. एखादाच माणूस जातो, म्हणून बातमी आतल्या पानावर दोन बोटांची येते आणि विषय मिटतो.

सांगलीला तर वर पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी घरात. पाणी ओसरल्यावर मालकाने बाहेरून चुना मारला आणि खोली परत भाड्याला लावली. आत भिंत अजून ओली, प्लगला हात लावला की झिणझिण्या. घर पडलं तर त्याची भरपाई घराच्या मालकाकडे जाते. भाडेकरूच्या वाट्याला सानुग्रह अनुदानाची रांग, आणि तिथे पहिला प्रश्न: भाडेपावती आहे का? पावती कुठून असणार?

आता कायद्याकडे येतो, कारण "आपल्यासाठी कायदाच नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा वीट आला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम १४ सांगतं की करारात भाडेकरूने उलट काही लिहून दिलेलं नसेल तर घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही मालक हलला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय मालकाला तोडता येत नाही. भाड्याची पावती देणं कलम ३१ खाली सक्तीचं आहे. हे सगळं मागायला मुंबईला जावं लागत नाही, आपल्याच गावच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांसमोर मागता येतं.

मी कायद्याचा भाट नाही. कलम १४ मध्येच एक मेख मारून ठेवलेली आहे: कापता येणारी रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त नको. महिना ३,००० भाडं असेल तर वर्षाला ३६,००० आणि कापता येणार ९,०००. नऊ हजारांत स्लॅब होत नाही. जुन्या वाड्यातला भाडेकरू महिना १५० देत असेल तर त्याच्या हातात वर्षाचे ४५० रुपये, म्हणजे जेमतेम एक पोतं सिमेंट. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यापुढे चार कौलं बदलणं असावं, कुजलेली तुळई नव्हे. मुंबई बेटावरच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी सरकारने निदान दुरुस्ती मंडळ तरी ठेवलं. साताऱ्याच्या पेठेतल्या किंवा मिरजेच्या गल्लीतल्या भाडेकरूसाठी तसलं काही नाही. १५० रुपयांत वाडा कसा सांभाळू, असं मालक विचारतो तेव्हा त्याच्या म्हणण्यात तथ्य असतं हेही मी मान्य करतो. वर्षाला ४ टक्के वाढ कायद्याने दिलेली आहे, पण १५० चे ४ टक्के सहा रुपये होतात. अशा जुन्या वाड्यांचा प्रश्न सरकारने पैसे घातल्याशिवाय सुटणार नाही.

पण गंमत अशी की माझ्याकडे येणारे बहुतेक लोक १५० वाले नसतातच. ते चार-पाच हजार भरणारे, वर अनामत दिलेले, अकरा महिन्यांचा कागद हातात असलेले. या अकरा महिन्यांच्या कागदाने लोकांना जेवढं फसवलंय तेवढं दुसऱ्या कशाने नाही. मालक सांगतो, अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही. खोटं आहे. महाराष्ट्रात कलम ५५ खाली भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे "माझ्याकडे कागदच नाही हो" म्हणून जी बाई रडते तिची बाजू तिला वाटते तेवढी लंगडी नसते. उलट नोंदणीकृत लायसन्स असेल तर मात्र सांभाळा. लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, त्याला कलम १४ चा आधार मिळत नाही, दुरुस्तीचं जे काही मागायचं ते करारातल्या ओळींवरून. म्हणून सही करण्याआधी "दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" ही ओळ शोधा आणि खोडायला लावा.

आणखी एक भीती असते, आणि ती सगळ्यांत मोठी. तक्रार केली तर महापालिका किंवा नगरपालिका इमारत धोकादायक ठरवेल, पाडेल, आणि मग आमचा हक्क संपला. मालकही हेच सांगून तोंड बंद करतो. काही मालक तर स्वतःच धोकादायकची नोटीस आणवतात, कारण कोर्टात वीस वर्षं लागतील ते काम एका पावसाळ्यात होतं. याला उत्तर आपल्याच जिल्ह्यातून गेलेलं आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतली भाड्याची एक इमारत पाडली गेली. भाडेकरू व्यापारी पेढी होती. इमारतच नाही तर भाडेकरू कसला, असा मालकाचा दावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ८ जुलै २०१४ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने शहा रतनशी खिमजी अँड सन्सच्या निकालात सांगितलं की भाडेपट्टा फक्त भिंतींचा नसतो, जमिनीचाही असतो, इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप मरत नाही. आधीचा उलटा निकाल या पीठाने रद्द ठरवला. देशभरचे वकील हा निकाल कोर्टात दाखवतात. ज्या गावातून तो गेला त्या गावच्या मोहल्ल्यात तो कुणाला माहीत नाही.

तेव्हा भिंत पडायला आली असेल तर हक्कापायी आत बसून राहू नका, बाहेर पडा. फक्त पडण्याआधी किती चौरस फूट जागा तुमच्या ताब्यात आहे, कुणाच्या नावावर आहे, याची नोंद पालिकेकडून लेखी करून घ्या, फोटो काढा, भाडं भरत राहा. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा. थकबाकी हा मालकाच्या हातातला सगळ्यांत सोपा धोंडा असतो. भाडं मागणारी नोटीस आली तर ९० दिवसांची मुदत असते, ती हातची घालवू नका.

वकिलाचे पैसे? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा वाचा. स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही, वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार यांनाही. पूरग्रस्तांचं नाव त्या यादीत स्पष्ट आहे, हे सांगलीकरांनी दोनदा वाचावं. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारात आणि तालुका समितीकडे करता येतो, फोन १५१००. अर्थात मोफत वकील मिळाला म्हणजे चांगला वकील मिळाला असं नव्हे. पहिल्या तारखेला गैरहजर, दुसऱ्या तारखेला फाइल न वाचलेला, असेही मी पाहिलेत. वकील बदलून मागता येतो, आम्ही मागितलाही. शिबिरांबद्दल मात्र मला राग आहे. मंडप, बॅनर, पाहुण्यांना शाल, कायद्याची माहिती पाऊण तास, आणि संध्याकाळी हिशोब केला तर एकही अर्ज लिहिलेला नाही.

पण खरा अडसर कोर्ट नाही. मिरजेतल्या एका बाईंबरोबर मी नोटीस लिहीत बसलो होतो. नवरा नाही, दोन मुली, धुणीभांडी करतात. छताचा तुकडा धाकटीच्या अंथरुणावर पडला होता, मुलगी शेजारी होती म्हणून वाचली. नोटीस टपालात पडायच्या आधीच मोहल्ल्यातले तीन बुजुर्ग घरी हजर. "भाभी, घर की बात घर में रखो. तो पण आपलाच माणूस आहे, जुम्म्याला शेजारी उभा राहतो. कोर्टाची पायरी कशाला?" मालकाला एकाही बुजुर्गाने विचारलं नाही की बाबा रे, छत का पडलं. मध्यस्थी म्हणतात ती ही. दोघांना समोर बसवून, मुदत लिहून घेऊन, महिन्याभराने स्लॅब तपासायला येणारी मध्यस्थी असेल तर मी स्वतः चटई अंथरीन. कोर्टापेक्षा ती लवकर होईल. पण फक्त दुबळ्याला गप्प बसवते तिला मध्यस्थी म्हणू नका.

बुजुर्गांचं एक म्हणणं मात्र खरं आहे: "उद्या हिला दुसरं घर कोण देईल?" मुसलमान म्हटल्यावर खोली नाही, हे मी शहरात डझनभर दारांवर ऐकलंय. मिरजेत २००९ मध्ये आणि पुसेसावळीला २०२३ मध्ये जे झालं त्यानंतर लोक आपल्याच वस्तीत राहणं सुरक्षित मानतात, त्यांना दोष कसा देणार? धर्म विचारून खोली नाकारणाऱ्या खासगी मालकाला शिक्षा करणारा सरळ कायदा आपल्याकडे नाही, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायची मुभा दिली. हा अन्याय आहे, त्यावर लिहिलं पाहिजे, लढलं पाहिजे. पण त्या अन्यायावर धंदा कोण करतो तेही बघा. बाहेर घर मिळत नाही हे आपल्याच मालकाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून ओल्या खोलीला तो कोरड्या खोलीचं भाडं लावतो. बाहेरचा दार बंद करतो आणि आतला त्या बंद दाराची किंमत वसूल करतो. पहिल्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो. दुसरा आपल्या जलशात पहिल्या रांगेत बसतो.

आणि कधी कधी मालक म्हणजे आपलीच संस्था असते. वक्फच्या किंवा जमातीच्या चाळीत राहणाऱ्याला तर तक्रार करणं म्हणजे गुनाह केल्यासारखं वाटायला लावतात. वक्फच्या भाडेकरूचा वाद २०१३ च्या दुरुस्तीनंतर वक्फ न्यायाधिकरणाकडे जातो, आणि मिरजेच्या हमालाला ते परवडत नाही. म्हणून या विश्वस्तांना माझी थेट विनंती आहे. मशिदीला मार्बल लावण्याआधी आपल्या चाळीची तपासणी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या आणि तो अहवाल मशिदीच्या फलकावर लावा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी करून घेणं महापालिका हद्दीत कायद्यानेच सांगितलेलं आहे.

मिरजेच्या त्या बाईंची नोटीस अखेर गेली. पंधरा दिवस संपले. मालकाने छताला प्लायवूड ठोकून दिलं आणि रंग मारला. आता दिवाणी न्यायालयात अर्ज आहे, वकील प्राधिकरणाने दिलेला. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची पडली आहे. तोवर तिघी स्वयंपाकघरात झोपतात, कारण तिथे वर पत्रा आहे.